तीनदा लिहिलेले आयुष्य : फ्रेडरिक डग्लसची साक्ष

फ्रेडरिक डग्लसने आपले आयुष्य तीनदा लिहिले. पहिल्यांदा १८४५ मध्ये. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता आणि कायद्याच्या नजरेत अजूनही मेरिलँड राज्यातल्या एका दुकानदाराची मालमत्ता होता. दुसऱ्यांदा १८५५ मध्ये. तेव्हा तो स्वतंत्र होता आणि स्वतःचे वृत्तपत्र चालवत होता. तिसऱ्यांदा १८८१ मध्ये. तोवर अमेरिकेतली गुलामगिरी संपून सोळा वर्षे झाली होती, आणि राजधानी वॉशिंग्टनच्या जिल्ह्याचा मार्शल हे सरकारी पद त्याने भूषवून झाले होते. या तिसऱ्या पुस्तकाची वाढवलेली आवृत्ती त्याने १८९२ साली, मृत्यूच्या तीन वर्षे आधी काढली.

मी डग्लसकडे वळलो तो आपल्याकडच्या एका अर्पणपत्रिकेमुळे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले. काळ्या लोकांना दास्यातून सोडवण्याच्या कामी त्या लोकांनी जे औदार्य दाखवले त्याचा हा सन्मान होता, आणि आपल्या देशबांधवांनी तोच कित्ता गिरवावा ही इच्छाही त्यात होती. ही अर्पणपत्रिका मराठीत पुष्कळ वेळा उद्‌धृत झाली आहे. ती वाचल्यावर मला प्रश्न पडत असे तो असा : सोडवणाऱ्यांचे आभार मानले ते योग्यच, पण जे सुटले, जे स्वतः निसटून आले, त्यांनी काय सांगितले? कुणाला सांगितले? आणि त्यांच्यावर विश्वास कुणी ठेवला?

या प्रश्नाचा माग काढायला डग्लसइतका सोयीचा माणूस दुसरा नाही, कारण त्याने एकच हकिगत तीन वेगवेगळ्या परिस्थितींत सांगितली. तिन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली की कळते की प्रत्येक वेळी काही गोष्टी नव्याने आल्या आहेत, काही गळल्या आहेत आणि काही बदलल्या आहेत. एखाद्या वकिलाने या फरकांवर बोट ठेवून साक्षीदार खोटा ठरवला असता. मला मात्र हे फरकच त्या साक्षीचा सर्वांत बोलका भाग वाटतात. का, ते या लेखात सांगतो.

वही आणि आठवण

सुरुवात जन्मतारखेपासूनच करावी लागते, कारण डग्लसला ती ठाऊक नव्हती. मेरिलँडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या टॉलबट काउंटीत, टकाहो नावाच्या ओढ्याच्या परिसरात तो जन्मला. आई हॅरिएट बेली गुलाम होती आणि कायद्याने मूल आईच्या स्थितीला जात असे, म्हणून तोही जन्मतः गुलाम. त्याचे मूळ नाव फ्रेडरिक ऑगस्टस वॉशिंग्टन बेली. गुलामांच्या पोरांना आपले वय घोड्याला स्वतःचे वय जितके ठाऊक असते तितपतच ठाऊक असे, अशा अर्थाचे त्याने पहिल्याच पुस्तकाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिले आहे. अंदाजाने तो आपला जन्म १८१७ चा धरत असे.

तारीख मात्र लिहिलेली होती. ती होती मालकाच्या वहीत. ॲरन अँथनी हा कर्नल एडवर्ड लॉइड याच्या प्रचंड शेतमळ्यांचा कारभारी. त्याचे स्वतःचेही काही गुलाम होते. त्यांच्यात जन्मलेल्या पोरांची नोंद तो वहीत ठेवी, जशी गुरावासरांची ठेवावी तशी. त्या वहीत हॅरिएटचा मुलगा फ्रेडरिक ऑगस्टस याची नोंद फेब्रुवारी १८१८ अशी आहे. डिक्सन प्रेस्टन या संशोधकाने डग्लसच्या तरुणपणावर लिहिलेल्या १९८० च्या पुस्तकात ही नोंद जगापुढे आणली. ज्याचा जन्म त्याला तारीख माहीत नाही आणि ज्याची मालकी त्याच्या वहीत ती व्यवस्थित आहे. गुलामगिरीत कागद कुणाच्या हातात असतो हे समजायला एवढी एक नोंद पुरे.

बापाविषयी तर वहीतही काही नाही. तिन्ही पुस्तकांत या एका बाबतीत डग्लसचा स्वर उतरत गेलेला दिसतो. १८४५ मध्ये तो लिहितो की बाप गोरा होता आणि मालकच बाप असल्याची कुजबुज होती. १८५५ मध्ये हीच गोष्ट तो अधिक सावधपणे सांगतो. १८८१ मध्ये बापाविषयी आपल्याला काहीही माहीत नाही, एवढे सांगून तो पुढे जातो.

अक्षरे

आठ-नऊ वर्षांच्या फ्रेडरिकला बाल्टिमोर शहरात ह्यू ऑल्ड आणि सोफिया ऑल्ड यांच्या घरी पाठवण्यात आले. त्यांच्या लहान मुलाला सांभाळणे हे त्याचे काम. सोफियाच्या घरात याआधी कधी गुलाम नव्हता. तिने भाबडेपणाने या पोराला मुळाक्षरे शिकवायला घेतली. नवऱ्याला कळताच त्याने ते बंद केले. गुलाम वाचायला शिकला की गुलाम म्हणून निकामी होतो, हे त्याने बायकोला फ्रेडरिकच्या देखतच बजावले. डग्लस पुढे म्हणत असे की आपल्याला मिळालेला सर्वांत मोलाचा धडा तोच. मालकाला ज्याची भीती वाटते तीच आपली वाट, हे त्या दिवशी उमगले.

पुढचे शिक्षण रस्त्यावर झाले. घरात भाकरतुकड्याला तोटा नव्हता आणि गल्लीतल्या गरीब गोऱ्या पोरांना भूक असे. पाव देऊन त्या बदल्यात अक्षरे, असा तो व्यवहार होता. गोदीतले सुतार लाकडाच्या तुळया तासून झाल्यावर जहाजाच्या कोणत्या बाजूला त्या बसवायच्या याची आद्याक्षरे त्यांच्यावर लिहीत. ती पाहून तो लिहायला शिकला. बाराव्या वर्षाच्या सुमारास पन्नास सेंट जमवून त्याने ‘कोलंबियन ऑरेटर’ हे शाळेतल्या मुलांचे भाषणांचे पुस्तक विकत घेतले. त्यात मालक आणि गुलाम यांच्यातला एक संवाद आहे. गुलाम मुद्द्याला मुद्दा देतो आणि अखेर मालक त्याला मुक्त करतो. पुढच्या आयुष्यात हजारो लोकांपुढे बोलणाऱ्या माणसाची तालीम या पुस्तकावर झाली.

कोव्हीचे शेत

१८३३ मध्ये फ्रेडरिकला बाल्टिमोरहून परत खेड्यात, सेंट मायकल्स इथे थॉमस ऑल्डकडे नेण्यात आले. हा आता त्याचा कायदेशीर मालक. पोरगा वाकत नाही असे दिसल्यावर थॉमसने त्याला १८३४ च्या जानेवारीपासून वर्षभराच्या बोलीने एडवर्ड कोव्ही नावाच्या शेतकऱ्याकडे भाड्याने दिले. कोव्हीची ख्यातीच गुलामांना वळणावर आणणारा अशी होती. पहिले सहा महिने चाबूक आणि राबणे याखेरीज काही नाही. ऑगस्टमध्ये एके सकाळी सोळा वर्षांच्या फ्रेडरिकने कोव्हीचा हात धरला. झटापट बराच वेळ चालली. त्यानंतर कोव्हीने त्याच्या अंगाला पुन्हा हात लावला नाही.

हा प्रसंग डग्लसच्या तिन्ही पुस्तकांचा मध्यबिंदू आहे. पण तो सांगताना काय बदलते ते पाहण्याजोगे आहे. १८४५ च्या पुस्तकात ही जवळजवळ दोघांचीच झुंज आहे. कोव्ही मदतीसाठी बिल नावाच्या भाड्याने आणलेल्या गुलामाला हाक मारतो आणि बिल नकार देतो. १८५५ च्या पुस्तकात या अंगणात आणखी एक व्यक्ती येते. तिचे नाव कॅरोलाइन. ही कोव्हीच्या स्वतःच्या मालकीची, अंगाने धिप्पाड गुलाम स्त्री. ठरवले असते तर तिने फ्रेडरिकला सहज आवरले असते. कोव्हीने तिला हुकूम केला आणि तिने तो मानला नाही. बिल भाड्याचा होता, त्याला आपल्या मालकाचा आडोसा तरी होता. कॅरोलाइनला कसलाच आडोसा नव्हता आणि तिला त्याची शिक्षा भोगावी लागली.

दहा वर्षांपूर्वी ती त्याला आठवत नव्हती असे मला वाटत नाही. पहिल्या पुस्तकात तिचा उल्लेख आहे, पण निराळ्या संदर्भात : मुले व्हावीत आणि गुलामांची संख्या वाढावी म्हणून कोव्हीने तिला विकत घेतले होते. म्हणजे तिथे ती अत्याचाराचा पुरावा म्हणून येते. दुसऱ्या पुस्तकात ती कर्ती म्हणून येते. पहिल्या वेळी लिहिणाऱ्याला आपण माणूस आहोत हे सिद्ध करायचे होते. ते सिद्ध झाल्यावर आजूबाजूच्या माणसांकडे पाहायला त्याला सवड मिळाली. आईचेही तसेच. १८४५ मध्ये आई चार-पाचदा भेटल्याची कोरडी नोंद आहे. १८५५ मध्ये तिने रात्री येऊन उपाशी पोराला आल्याचा गोड केक दिल्याची सविस्तर आठवण येते. शिवाय तिला वाचता येत होते हेही तो अभिमानाने सांगतो.

न सांगितलेली गोष्ट

१८३६ मध्ये पळून जाण्याचा एक बेत फुटला आणि फ्रेडरिक तुरुंगात गेला. थॉमस ऑल्डने त्याला दूर दक्षिणेत विकले नाही, पुन्हा बाल्टिमोरला धाडले. तिथे तो जहाजाच्या फळ्यांमधल्या फटी बुजवण्याचे काम शिकला. त्याची रोजची कमाई दीड डॉलरपर्यंत गेली. आठवड्याच्या शेवटी ती सगळी ह्यू ऑल्डच्या हातावर ठेवायची. सहा डॉलर आणले की ह्यू कधीकधी त्याला सहा सेंट परत देई. या सहा सेंटांनी आपल्याला जास्त चीड येई, कारण पैसे आपलेच आहेत याची ती कबुली होती, असे डग्लस सांगतो.

३ सप्टेंबर १८३८ रोजी तो निसटला. कसा, ते मात्र पहिल्या पुस्तकात नाही. दुसऱ्यातही नाही. वाचकाची उत्सुकता शिगेला पोचते तिथेच तो थांबतो आणि आपण का थांबतो आहोत हे स्पष्ट सांगतो : ज्यांनी मदत केली ते अडचणीत येतील आणि ज्या वाटेने मी आलो ती मागच्यांसाठी बंद होईल. पळून आलेल्यांच्या सुटकेच्या युक्त्या सभांत रंगवून सांगणाऱ्या हितचिंतकांवर त्याने याच ठिकाणी कडक टीका केली आहे. टाळ्या श्रोत्यांच्या, नुकसान गुलामांचे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय.

ही गोष्ट पुस्तकात आली ती त्रेचाळीस वर्षांनी, १८८१ मध्ये. तेव्हा कळते की युक्ती अगदी साधी होती. मेरिलँडमध्ये स्वतंत्र काळ्या माणसाला प्रवासात आपले मुक्तिपत्र जवळ ठेवावे लागे. फ्रेडरिकने एका ओळखीच्या खलाशाचे ओळखपत्र घेतले. त्यावर अमेरिकेच्या गरुडाचा छाप होता, पण आत वर्णन होते ते त्याच्याहून बऱ्याच काळ्या माणसाचे. खलाशाचा वेश घातला. तिकीटखिडकीवर कागद नीट तपासला जाईल म्हणून तिकीट आधी काढलेच नाही. गाडी सुटता सुटता तो आत चढला. तिकीट तपासनीसाने गरुड पाहिला, पैसे घेतले आणि पुढे गेला. मग सस्क्वेहाना नदीवर होडी, पुन्हा आगगाडी, विलमिंग्टनहून आगबोट, फिलाडेल्फिया आणि दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क. वाटेत त्याला ओळखणारा एक जर्मन लोहार भेटला. त्याने निरखून पाहिले आणि तो गप्प राहिला.

त्या खलाशाने आपला कागद दिला होता. पकडले गेले असते तर शिक्षा त्यालाही झाली असती. त्रेचाळीस वर्षांचे हे मौन त्याच्यासाठी होते आणि त्याच्यासारख्यांसाठी होते. अत्याचाराची हकिगत सांगणाऱ्याकडे लोक ‘सगळे सांग’ म्हणून हट्ट धरतात. काय सांगायचे नाही हे ठरवण्याचा हक्कही सांगणाऱ्याचाच असतो, हे डग्लसने विशीतच ओळखले होते.

विश्वास बसत नाही

उत्तरेत आल्यावर त्याने न्यू बेडफर्डला घर केले आणि डग्लस हे आडनाव घेतले. नाव सुचवले ते त्याला आसरा देणाऱ्या नेथन जॉन्सनने, वॉल्टर स्कॉटच्या एका काव्यातून. ऑगस्ट १८४१ मध्ये नँटकेट बेटावरच्या सभेत तो बोलला आणि विल्यम लॉइड गॅरिसनच्या चळवळीने त्याला पगारी वक्ता म्हणून घेतले. इथून एक विचित्र अडचण सुरू झाली. तो फार चांगले बोलत होता.

व्यासपीठावरचे गोरे सहकारी त्याला सांगत की तू घटना तेवढ्या सांग, विवेचन आम्ही करू. बोलण्यात थोडी गावंढळ झाक असू दे, नाहीतर तू गुलाम होतास यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. हे तो १८५५ मध्ये सांगतो, १८४५ मध्ये नाही; तेव्हा गॅरिसन आणि वेंडेल फिलिप्स यांचीच प्रास्ताविके त्याच्या पुस्तकाला होती. लोकांना संशय येऊ लागला हे मात्र खरे होते. त्यावर त्याने एकच उपाय काढला. मालकांची, मुकादमांची, गावांची खरी नावे घालून पुस्तक लिहिले. त्याने संशय फिटणार होता, पण मालकाला आपला पत्ताही कळणार होता. म्हणून पुस्तक मे महिन्यात निघाले आणि ऑगस्टमध्ये त्याला बोटीने ब्रिटन-आयर्लंड गाठावे लागले. १८६० पर्यंत त्या पुस्तकाच्या सुमारे तीस हजार प्रती गेल्या.

या काळातला एक किस्सा मला सर्वांत बोधप्रद वाटतो. मेरिलँडच्या त्याच भागात राहिलेल्या ए. सी. सी. टॉम्पसन नावाच्या गृहस्थाने डेलावेअरमधल्या वृत्तपत्रात पत्र लिहून पुस्तक खोटे असल्याचा दावा केला. त्याचे म्हणणे असे की कोव्ही, ऑल्ड ही सगळी भली माणसे. फ्रेडरिक बेलीला मी ओळखत होतो. तो एक सामान्य, अशिक्षित गुलाम होता आणि असले पुस्तक लिहिणे त्याच्या आवाक्यात नव्हते. डग्लसने हे पत्र वाचले आणि टॉम्पसनचे जाहीर आभार मानले. मी कधी गुलाम नव्हतोच असे म्हणणाऱ्यांना मी इतके दिवस उत्तर देऊ शकत नव्हतो. आता मेरिलँडच्याच एका गोऱ्या माणसाने माझी ओळख पटवली, असा त्याचा सूर होता. माणसे आणि ठिकाणे खरी असल्याचीही कबुली त्याच पत्रात होती. डब्लिनमध्ये निघालेल्या पुढच्या आवृत्तीत त्याने टॉम्पसनचे पत्र आणि आपले उत्तर दोन्ही छापून टाकले.

१८४६ च्या डिसेंबरात इंग्लंडमधल्या मित्रमंडळींनी वर्गणी काढून त्याला ऑल्डकडून विकत घेतले आणि मुक्त केले. न्यूकॅसलच्या रिचर्डसन घराण्यातल्या एलन आणि ॲना या यात पुढे होत्या. किंमत १५० पौंड, म्हणजे ७११ डॉलर ६६ सेंट. चळवळीतले काहीजण रागावले. पैसे देणे म्हणजे मालकी मान्य करणे, हा त्यांचा आक्षेप. डग्लसचे उत्तर व्यवहारी होते. दरोडेखोराच्या हातून सुटण्यासाठी खंडणी द्यावी लागली तर तिने दरोडा न्याय्य ठरत नाही. तत्त्वाची शुद्धता जपणाऱ्यांना साखळदंडाची भीती नव्हती, त्याला होती.

चूक दुरुस्त करणारा साक्षीदार

आता मी त्या फरकाकडे येतो जो विरोधकांच्या सर्वांत कामाचा होता. पहिल्या पुस्तकात डग्लसने आपल्या आजीचे, बेट्सी बेलीचे, करुण चित्र काढले होते. मालकांची पिढ्यान्‌पिढ्या सेवा करून म्हातारपणी तिला रानातल्या झोपडीत एकटी मरायला सोडले, असे ते चित्र. १८४८ मध्ये, पळाल्याला दहा वर्षे झाल्यानिमित्त त्याने थॉमस ऑल्डला वृत्तपत्रातून खुले पत्र लिहिले आणि या गोष्टीचा ठपका त्याच्यावर ठेवला. पुढे त्याला समजले की थॉमसने तिला आपल्याकडे आणून सांभाळले होते. १८४९ मध्ये त्याने दुसरे जाहीर पत्र लिहिले आणि त्या बाबतीतला आरोप मागे घेतला. त्याच पत्रात गुलाम बाळगण्याबद्दल थॉमसची कानउघाडणी मात्र तशीच ठेवली.

१८७७ मध्ये तो सेंट मायकल्सला गेला आणि आजारी, थरथरत्या हातांच्या थॉमस ऑल्डला भेटला. दोघांच्याही डोळ्यांत पाणी आले असे तो लिहितो. आजीचा विषय निघाला. मुळात तिची मालकीच आपल्याकडे नव्हती, असे थॉमसने सांगितले. डग्लसने आपली चूक पुन्हा कबूल केली. मग त्याने आपली जन्मतारीख विचारली. एकोणसाठ वर्षांच्या माणसाला आपले वय जुन्या मालकाला विचारावे लागते यातच सगळे आले. थॉमसने फेब्रुवारी १८१८ सांगितले, म्हणजे वहीत होते तेच. या भेटीवरून काळ्या समाजातल्या काहींनी डग्लसला नावे ठेवली. मला त्यात क्षमेपेक्षा साक्षीदाराची जबाबदारी अधिक दिसते. आरोप खरा असेल तेवढाच ठेवायचा आणि खोटा असेल तेवढा उचलायचा. असे करणाऱ्याचे उरलेले आरोप अधिक जड होतात.

त्याच्या वक्तृत्वाचेही तसेच. ५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टरच्या कोरिंथियन हॉलमध्ये, तिथल्या स्त्रियांच्या गुलामगिरीविरोधी संस्थेच्या निमंत्रणावरून त्याने जे भाषण केले ते आजही अमेरिकेत दर जुलैला वाचले जाते. स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी त्याने विचारले की हा तुमचा उत्सव गुलामाच्या कोणत्या कामाचा. पण ते भाषण तिथे संपत नाही. राज्यघटना नीट वाचली तर ती गुलामगिरीची नव्हे, स्वातंत्र्याची बाजू घेते, हे शेवटी तो मांडतो. घटना मुळातच गुलामगिरीशी केलेला करार आहे असे गॅरिसन मानत होता आणि डग्लसही पूर्वी तेच मानत असे. १८५१ मध्ये त्याने जाहीरपणे मत बदलले आणि ज्यांनी त्याला व्यासपीठ दिले त्यांचे वैर ओढवून घेतले. घटनेवर हक्क सांगायचा की ती जाळायची, हा वाद आपल्याही परिचयाचा आहे.

पुस्तकात नसलेली स्त्री

डग्लसच्या साक्षीत एक मोठी रिकामी जागा आहे आणि तिचे समर्थन मला करता येत नाही. बाल्टिमोरमधली ॲना मरे ही जन्मतः स्वतंत्र होती आणि लोकांच्या घरी काम करत होती. तिने शिल्लक टाकलेल्या पैशांमुळे त्याचे पळून जाणे शक्य झाले. तो न्यूयॉर्कला पोचताच ती त्याच्या मागे गेली. १५ सप्टेंबर १८३८ रोजी त्यांचे लग्न झाले. तो ब्रिटनमध्ये असताना तिने मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावी बूट शिवण्याचे काम करून मुले वाढवली. रॉचेस्टरच्या घरी पळून येणाऱ्या गुलामांना रात्री-अपरात्री जेवण आणि अंथरूण तीच देई. चव्वेचाळीस वर्षांचा संसार करून १८८२ मध्ये ती वारली. तिन्ही पुस्तके मिळून तिच्या वाट्याला मोजक्या ओळी आल्या आहेत.

डग्लस १८४८ च्या सेनेका फॉल्सच्या स्त्रीहक्क परिषदेत मताधिकाराच्या ठरावाला पाठिंबा देणारा माणूस. कॅरोलाइनला त्याने दुसऱ्या पुस्तकात न्याय दिला, आईला दिला. ॲनाला मात्र नाही. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, त्यामुळे तिने स्वतःही काही मागे ठेवले नाही. तिची हकिगत सांगितली ती मुलीने. १९०० साली रोझेटा डग्लस स्प्रेग हिने आईवर एक भाषण केले आणि वडिलांच्या कीर्तीखाली कुणाचे कष्ट होते ते नोंदवून ठेवले. आज ॲनाविषयी आपल्याला जे माहीत आहे त्यातले बरेचसे तिथून आले आहे.

अर्पणपत्रिकेनंतर

पुन्हा १८७३ कडे येतो. त्या वर्षी डग्लस वॉशिंग्टनमध्ये होता आणि काळ्या लोकांच्या हक्कांसाठी वृत्तपत्र चालवत होता. घटनेत पंधरावी दुरुस्ती होऊन काळ्या पुरुषांना मताधिकार मिळाल्याला तीन वर्षे झाली होती. पुण्याहून पाहणाऱ्या जोतीरावांना त्यात आशा दिसली ती रास्तच होती. पण त्याच वर्षीच्या एप्रिलात, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी निवडणुकीच्या वादातून गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीने डझनांवारी काळ्या लोकांची कत्तल केली. १८७७ मध्ये दक्षिणेतून केंद्राचे सैन्य निघाले आणि मिळालेले हक्क एकेक करून हिरावले गेले. सुटका एका दिवसात जाहीर होते, पण राखावी रोज लागते, हे डग्लसच्या शेवटच्या वीस वर्षांचे काम झाले. १८९४ मध्ये, शहात्तराव्या वर्षी, त्याने जमावाकडून होणाऱ्या हत्यांविरुद्ध आपले शेवटचे मोठे भाषण केले. त्यामागे आयडा बी. वेल्स या तरुण काळ्या पत्रकार स्त्रीने गोळा केलेल्या पुराव्यांचे बळ होते.

मराठी वाचकाला हा सगळा प्रवास अनोळखी वाटू नये. ‘बलुतं’, ‘उपरा’, ‘अक्करमाशी’, ‘जिणं आमुचं’ ही आत्मकथने आपल्याकडे आली तेव्हा हेच प्रश्न विचारले गेले. हे खरेच असे घडले का? हे लिहायला कुणी मदत केली? इतके उघड कशाला सांगायचे, आणि अमुक गोष्ट का नाही सांगितली? टॉम्पसन सगळीकडे असतो, आणि बोलण्यात थोडी गावंढळ झाक ठेव असे सुचवणारा हितचिंतकही असतो. डग्लसची तीन पुस्तके सांगतात की साक्ष ही एकदाच देऊन संपणारी गोष्ट नाही. माणूस मोकळा होत जातो तसा त्याला अधिक दिसते, अधिक सांगता येते आणि आपलेच जुने वाक्य खोडण्याची हिंमतही येते. पहिल्या साक्षीशी दुसरी शब्दशः जुळली पाहिजे हा हट्ट कोर्टातला आहे. तो वाचकाने धरू नये. वाचकाने विचारावे ते एवढेच की या वेळी नवे काय आले, आणि अजून कोण यायचे राहिले आहे.

२० फेब्रुवारी १८९५ रोजी डग्लस वॉशिंग्टनमध्ये स्त्रियांच्या राष्ट्रीय परिषदेच्या बैठकीला गेला. संध्याकाळी घरी आल्यावर तिथे काय झाले ते दुसरी पत्नी हेलन हिला सांगत असतानाच तो कोसळला आणि गेला.